गेजवरचा विश्वास

सुमेध,

मीराला घेऊन रिक्षाने वारज्याला आईकडे जातेय. आज शाळेतून येताना तिला गाडीत पुन्हा उलटी झाली.

मग मीच गाडीखाली वाकून पाहिलं. सायलेन्सरच्या पाइपला धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या तुझ्या सेन्सरच्या जरा आधी चीर पडलीय. तिथून बाहेरची हवा आत शिरते, म्हणून सेन्सरला जोडलेलं तुझं गेज इंजिनला पेट्रोल कमी पडतंय असं दाखवतं, आणि तू लॅपटॉप लावून पेट्रोल वाढवत बसतोस. काळा धूर येतो, आत वास कोंडतो, हे मी दिवाळीपासून सांगतेय. गेज चुकत नाही, म्हणालास. म्हणजे मी चुकते.

कालचं वरण ओट्यावर आहे. आंबलंय का, ते नाकानेच ओळखावं लागेल. त्याला गेज नाही.

करुणा