अहो म्हटलं की दोघं येतात

प्रिय ठमे,

तुझा बटण सुधारला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. रविवारी तू त्याला न्यायला येणार, मग तुझ्या घरमालकीणबाई त्याची परीक्षा घेणार आणि शहाण्यासारखा वागला तरच त्याला तुझ्या खोलीवर राहू देणार, या काळजीनं तू वाळत चालली असशील. वाळू नकोस. घंटा वाजली की आता तो भुंकत नाही, मुकाट्यानं आपल्या गोणपाटावर जाऊन बसतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर उड्या मारत नाही. त्या नवरदेवाच्या पँटचा एक पाय त्यानं फस्त केला, ती गोष्ट जुनी झाली. बाबांनी नवी पँट शिवून दिली आणि उरलेल्या पायाची मला भाजीची पिशवी करून दिली. पिशवी मजबूत आहे हो!

फक्त एक घोळ झालाय. तू पाठवलेल्या त्या कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की हाक एकच ठेवा आणि आला की लगेच खाऊ द्या. मी घसा कोरडा होईस्तोवर ‘बटण, ये’ म्हणत होते. बटण ढिम्म. उलट बाबाच आतून विचारायचे, दोन भोकांचं देऊ की चार? शिंप्याच्या घरातल्या कुत्र्याचं नाव बटण ठेवायची अक्कल तुझीच. दिवसभर बटण लाव, बटण तुटलं, बटण कुठं गेलं, हेच चालतं, आणि खाऊ एकदाही मिळत नाही. त्यानं बिचाऱ्यानं त्या शब्दाचा नादच सोडला. मग एकदा मी स्वयंपाकघरातून नेहमीसारखी ‘अहो’ अशी हाक दिली, तर हा पठ्ठ्या बाबांच्या आधी धावत येऊन माझ्यासमोर बसला! अगं, ‘अहो’ म्हटलं की बाबा चहाला येतात आणि बिस्किटाचा अर्धा तुकडा याला टाकतात. आम्ही नकळत त्याला शिकवूनच बसलो होतो. आता बाई म्हणतात, कुत्र्याचा शब्द बदलू नका, तुमचा बदला.

बदला म्हणे! सांगायला काय जातं? मी ‘ऐकलंत का’ करून पाहिलं, तर तेही त्या लबाडानं लगेच उचललं. ‘मास्तर’ म्हटलं, तर बाबा मान वर न करता ‘उद्या या, शिवून ठेवतो’ म्हणाले. शेवटी उरलं काय? त्यांचं नाव. इतकी वर्षं संसार केला, पण ते कधी तोंडातून निघालं नव्हतं. मी पातेल्यात बघत, हळूच हाक मारली. गळ्यातली टेप तशीच लोंबत बाबा बाहेर आले आणि आत्या आली का म्हणून दाराकडे बघायला लागले. त्यांना नावानं हाक मारणारं आता तीच एक उरली आहे ना. मग त्यांच्या लक्षात आलं. ठमे, ते लाजले गं! कानाच्या पाळ्यांपर्यंत. त्या दिवशी त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मी इतकी हसले, की बटणही भुंकला, आणि त्याला कुणी रागावलं नाही.

तेव्हापासून आमचं असं चाललंय. ‘अहो’ म्हटलं की कुत्रा येतो, नावानं हाक मारली की नवरा येतो, आणि तो जरा लवकरच येतो. इस्त्रीचा शर्ट घालतो. मशीन चालवता चालवता गुणगुणतो. आज सकाळी मी बटणाचं गोणपाट तुझ्याबरोबर पाठवायला झटकत होते, तर बाबा बाजूला येऊन उगाच सुई ओवत उभे राहिले. म्हणाले, हा गेला की ‘अहो’ मोकळं होईल, मग तू मला परत तसंच म्हणायला लागशील का? मी ते गोणपाट परत जागेवर अंथरलं. म्हणून हे पत्र. रविवारी तू जरूर ये, हवी तेवढी राहा, त्याला फिरवून आण, पण परीक्षा राहू दे आणि बटणाला इथंच राहू दे. तूच म्हणाली होतीस ना, तू दिवसभर कामावर असणार, तो एकटा पडेल, आमचा जीव जडला तर स्पष्ट सांगा म्हणून. तर सांगते. जीव जडलाय. बटणावरही.

तुझीच, या वयात लाजणारी
आई