नकाशातला बेल

प्रिय दामिनी,

फोन हाताशी असताना अप्पानं पत्र का लिहिलं म्हणून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, दुकान चालू आहे. फोनवर तू बोलायला लागलीस की मी नुसता हो हो करत राहतो आणि माझं बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या सासूबाईंना शरणार्थ सांग.

सव्वीस जानेवारीला मुरुडच्या ग्रामसभेत तू बोललीस, तेव्हापासून गिऱ्हाईक तुझीच चौकशी करतं. नांदेडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी गावची लेक म्हणून. देशाला पुढं जायचं तर वीज लागणारच, पण आजची भूक भागवताना पुढच्या लेकरांच्या ताटातलं काढून खायचं नाही, यालाच शाश्वत विकास म्हणतात, असं तू सांगितलंस. माझी छाती लई फुगली. माळावरच्या जमिनी सौरऊर्जेला भाड्यानं द्यायला बावीस जण त्याच दिवशी तयार झाले. एकवीस सह्या झाल्या. राहिली ती तुझ्या बापाची.

तू म्हणशील, अप्पा शब्दाचे पक्के, मग अडलं कुठं? अगं, तेच मला उमगेना. मोजणीवाले साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, शेतात विहीर, देऊळ, काही बांधकाम? मी ताठ मानेनं नाही म्हणालो. खोटं कुठं बोललो? चौथरासुद्धा बांधायचा नाही, हे तर ठरलेलंच होतं. मग नकाशा आला. आपला तुकडा बरोब्बर मधोमध आणि बेलाच्या झाडावर लाल फुली. सावली पडली की वीज कमी होते म्हणे. तेवढं सोडा म्हणालो, तर सलग जमीन राहत नाही, सगळंच बारगळतं.

आपल्या बांधाशेजारचा लिंबाजी तिथंच उभा होता. गेल्या साली रात्री पिकाला पाणी द्यायला गेला आणि साप चावून मरता मरता वाचला, आठवतं ना? हे काम झालं तर त्याच्या मोटारीला दिवसा वीज मिळणार. तो नकाशाकडं न बघता खाली बघत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "अप्पा, मनाविरुद्ध काही करू नका. रात्री पाण्याला जायची आमाला सवय हाय." त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून कुणी साखर मागितली तर मी मीठ बांधून देतोय.

डोकं चालेना, पोरी. सही दिली तर लिंबाजीचं भलं, देशाचं भलं, तुझाही शब्द राहतो. मग हात का मागं येतो? तू आज असलेल्यांचं सांगितलंस, पुढं येणाऱ्यांचं सांगितलंस. गेलेल्यांचं तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?

अकरा वर्षांपूर्वी तुझ्या आईला तिथं समाधी दिली, तेव्हा खड्डा लिंबाजीनंच खणला होता. म्हणून तो खाली बघत होता. माझ्यावर दगड ठेवू नका, बेल लावा, असं दानम्मानं आधीच बजावलं होतं, आणि तो तू तुझ्या हातानं लावलास. सही मी करून ठेवली आहे, पण अजून दिली नाही. कागद चार दिवस सदऱ्याच्या खिशात आहे, सोमवारी साहेब न्यायला येतील. तू रविवारी ये. त्या बेलाखाली उभी राहा आणि ग्रामसभेत सांगितलंस तेच मला पुन्हा एकदा सांग. तुला सांगता आलं, तर मी कागद देईन.

तुझाच,
गोंधळलेला अप्पा