रोज पाणी घातलं तरी मरणार नाहीत अशी झाडं

७ जुलै, सोम.
आठ दिवस ऊन नाही. टॉवेलसुद्धा वाळत नाहीत. खिडकीतल्या तुळशीने मान टाकली, जास्वंदीला बुरशी. ठरलं: यंदा नाजूक मंडळी बंद. मोबाइलवर अर्धा तास वाचून यादी केली. स्नेक प्लांट, झीझी, कोरफड. पंधरा दिवस पाणी नाही तरी चालतं. फॅक्टरीच्या लॅबमध्ये दिवसभर सुतातली ओल मोजते, घरी तरी ओलीची कटकट नको. नवरा म्हणाला, "तुझ्या हातून निवडुंगसुद्धा..." पुढे बोलू दिलं नाही. प्र.ची मतं मी ऐकते, घेत नाही.

१३ जुलै, रवि.
खानवेल रोडच्या नर्सरीतून पाच कुंड्या आणल्या. नर्सरीवाल्या गुजराती बेन म्हणाल्या, "चोमासामां पाणी आपवानुं भूली जजो. भूलशो तो जीवशे." पावसाळ्यात पाणी विसरण्यात माझा हात कोण धरणार!

आबा कुंड्यांभोवती दोनदा फिरले. सासूबाई फेब्रुवारीत गेल्या, तेव्हापासून सासरे आमच्याकडे. सोफ्याच्या एका कडेला बसतात, पाहुण्यासारखे. आज पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "पानी कोन देई?" म्हटलं, तुम्हीच बघा ना. खूश झाले. मीही.

२३ जुलै, बुध.
आबांनी कॅलेंडरच्या मागे तक्ता केलाय. कुंडीला नंबर, नंबराला वार. जन्मभर पाटकरी होते, कालव्याचं पाणी शेताशेताला पाळीने सोडायचे. त्यांच्या वेळी कुणाची पाळी चुकली नाही, अजून गावात नाव आहे. इथेही तेच. बाहेर धो धो, आणि आबा लोटा घेऊन तीन नंबरपाशी. म्हटलं, आज राहू द्या, हवाच किती ओली. "पाऊस देवना शे, पाळी आपली शे." लोटा लहान आहे. हरकत नसावी.

३ ऑग., रवि.
झीझीचा दांडा हातात आला. ओढलाही नव्हता. मुळं काळी, वास. स्नेक प्लांट बुडापासून लिबलिबीत. कोरफडीचं तर बोलायलाच नको. झाडं आळशी माणसाची होती, मी ती घरातल्या सगळ्यात कामसू माणसाच्या हवाली केली. वर फटकळपणा नडला. तोंडातून निघून गेलं, "आबा, पाण्याने सडली हो सगळी."

आबांनी तक्ता काढला, घडी करून खिशात ठेवला. दुसरी भाकरी नको म्हणाले. ताटावरून उठताना: "पोळाले गावले जासू. मंग तठेच ऱ्हासू."

४ ऑग., सोम.
लॅबमध्ये लक्ष नाही. आबा तिकडे गावच्या घरात एकटे राहणार. एप्रिलमध्ये आठ दिवसांसाठी गेले, तर मोरीत चक्कर येऊन पडले. दुपारी शेजारीण ताक द्यायला आली म्हणून कळलं. प्र. म्हणतो, त्यांची मर्जी. मर्जी कसली, त्यांना वाटतंय आपण इथे नुकसानच करतो. आणि मला ते हवेत. कामावरून आले की "जेवनी का?" विचारणारा घरात तो एकच माणूस आहे.

ठीक. चूक माझी, दुरुस्त मीच करणार.

१० ऑग., रवि.
पुन्हा नर्सरी. आबांना बळेच नेलं. राखोलीच्या पुलाखाली नदी लाल, दुथडी भरून. एवढं पाणी, तरी आबांनी मान वळवून पाहिलं नाही. बेनना सांगितलं, रोज पाणी घातलं तरी मरणार नाही असं द्या. खूप हसल्या. मग पीस लिली आणि सिंगोनियम. "आने पाणी गमे," म्हणाल्या; पाणी आवडतं, पण साचू द्यायचं नाही. मनी प्लांटच्या चार काड्या बाटलीसाठी.

आबा हात मागे बांधून उभे. बेन पैसे मोजत होत्या, तेवढ्यात लिलीची कुंडी उचलून बुडाच्या भोकात बोट घातलं. "चारी बुजायेल शे. पानी जाई कोठे?" तिथलीच काडी घेऊन भोक मोकळं केलं. मग सिंगोनियमचंही. बेन: "काका तो जाणकार छे!" आबा हसले नाहीत. पण कुंडी मला घेऊ दिली नाही, रिक्षात मांडीवर धरून बसले.

२० ऑग., बुध.
तक्ता पुन्हा केला नाही. सकाळी मातीत बोट घालतात, मग लोटा उचलायचा की नाही ते ठरवतात. या आठवड्यात दोनदा उचलला नाही. झाडं मजेत. निवड बरोबर होती, हे प्र.लाही मान्य करावं लागलं.

पिशवी मात्र भरलेली आहे. उद्या सकाळची धुळ्याची बस, तिकीट काढलंय. राहा म्हणून मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

संध्याकाळी लिलीपाशी वाकून बघत होते. नवं पान आलंय, अजून गुंडाळलेलं. "हाई पान उघडाले किती दिन?"

"दहा," मी म्हटलं. ठासून.

दोन-तीन दिवसांत उघडतं. लॅबमध्ये आजवर एकही खोटा आकडा लिहिलेला नाही.

"दहा?" म्हणाले. पानाकडे बघत उभे राहिले. अजून तिथेच आहेत. मी कणीक भिजवून ठेवलीये. प्रवासाच्या दशम्या करू की नेहमीच्या पोळ्या, ते विचारलं नाही.