दादाच्या जाळ्यातल्या मुशी

४ मार्च, रविवार

सगळ्या दिवसाचा विचका! लेक आली, दादा-वहिनी आले, ठेवणीतली चादर घातली टेबलावर — आणि मामा-भाची शार्कवरून भांडली.

तिचं मागणं साधं. जाळ्यात मुशी — म्हणजे शार्कच — जिवंत सापडली तर पाण्यात सोड. दादा हसला. "बोट माझी, डिझेल माझं, खलाशी माझे — आणि मासा तेवढा भाचीबाईंचा?" ती पेटलीच. मुशीला पिल्लं होईपर्यंत कित्येक वर्षं जातात, आणि पिल्लंही मोजकीच. त्या संपल्या की ज्यांना त्या खातात ते मासे माजतात, बाकीचं फस्त करतात. "मग तुझंच जाळं रिकामं येईल, मामा!"

"जन्म समुद्रात गेला माझा. आता तू शिकव." ताट सारून उठला.

मी? मी वाढत राहिले. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये — शाळेतल्या सिस्टरांनी असं भिनवलंय की साठीतही तोंड उघडत नाही.

९ मार्च

आज बाजारात विचारलं, हा तुकडा कुठल्या माशाचा? मासेवाली म्हणाली, "ताई, खायचाय की लग्न लावायचंय त्याचं?" मागे हशा! तरी हटले नाही. मुशी निघाली. नको म्हटलं.

लेकीला फोनवर सांगितलं. "आई, एवढंच तर करायचं असतं गं. विचारायचं, आणि नको म्हणायचं."

एवढंच. मग इतकी वर्षं का नाही केलं?

१५ मार्च

लेकीला नोकरी लागली. शार्कची मोजणी करणारं जहाज, दोन वर्षं. मंगळवारी निघायचं! दादाला कळवलं. "बरं," म्हणाला.

हाच दादा तिला खांद्यावर बसवून धक्क्यावर न्यायचा. मुशीच्या खरखरीत पाठीवरून तिचा इवलासा हात फिरवला तो ह्यानेच. वेड लावलं ह्यानेच — आणि आता बोलत नाही!

१९ मार्च

दादाकडे गेले. जाळं सांधत बसला होता. "उद्या येऊन जा रे. पोर दोन वर्षं दिसायची नाही."

मान वर नाही. "तिला म्हणावं, मामा अडाणी आहे."

२० मार्च

गेली. दाराकडे बघत बघत पिशव्या बांधल्या. दादा आला नाही.

२६ मार्च

दुपारी वहिनी आली, डोळे सुजलेले. दोन खलाशी काम सोडून गेले म्हणे. "धरलेला मासा परत सोडणारा मालक कुठे असतो का, म्हणतात. वन्सं, त्या रविवारनंतर ह्यांनी एक मुशी धक्क्यावर आणलेली नाही. मला शपथ घातली होती — पोरीला कळू द्यायचं नाही, डोक्यावर मिरे वाटेल."

लगेच फोन लावला. जहाज भर समुद्रात. लागत नाही.