तुझ्या सीटवरचा खोका

रीता,

शेजारच्या राधाबाईंकडून घराची किल्ली मिळाली असेलच. तुझ्या साड्या पलंगावर काढून ठेवल्या आहेत. कपाटात शोधू नकोस, त्याच्या मधल्या फळ्या आता तिथे नाहीत. त्यांचा मी पिकअपसाठी सबवूफरचा खोका बनवला.

सिहोऱ्याला माहेरी जाताना तू म्हणाली होतीस, "तुमच्यासंग गाडीत बसण्यापरीस रेडिओ बरा. तो बोलते तरी." सूचना रास्त वाटली.

खोका मजबूत झाला आहे. सीटच्या मागची जागा नीट मोजली होती, पण सीट मागे कलते हे लक्षात आलं नाही. मागे मावेना, म्हणून तुझ्या सीटवर ठेवला. ब्रेक मारला की पुढे येतो, तेव्हा तुझा बेल्टही लावला. आवाज असा की काचा थरथरतात. आता मी काही बोललो तरी ऐकू येणार नाही, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

मी तांदळाची पोती घेऊन लाखनीला चाललो. तू सामान नेल्यावरच परत येईन. डब्यात चिवडा आहे.

थांबणार असशील तर तेवढा फोन कर. खोका लाखनीलाच कोणाला तरी देऊन येतो.

विलास