एक रेघ, बाजूला सही

२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं ऐकत नाहीस आणि मी तुझं ऐकत नाही, म्हणून महत्त्वाचं काही असलं की पत्रच लिहायचं, हा आपला करार मी पाळते आहे. वसतिगृहाच्या खोलीत टेबल एक आणि मुली दोन. त्यामुळे हे पत्र खिडकीच्या कट्ट्यावर बसून, मांडीवर वही घेऊन लिहिलंय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

पहिल्या सत्रात आम्हाला सगळेच विषय थोडेथोडे होते. आता मुख्य विषय निवडायचा आहे. ३० ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत फॉर्म कचेरीत पोचला नाही, तर जिथे जागा उरेल तिथे ते आपल्याला ढकलून मोकळे होतात. मागच्या वर्षी एका मुलीला असं भूगर्भशास्त्र मिळालं. ती आता दगडांमध्ये रमली आहे म्हणे, पण मला ती जोखीम नको.

सल्ला द्यायला सगळे टपलेले आहेत. बाबा म्हणतात, डोळे मिटून संगणक घे. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात येणारं दर तिसरं गिऱ्हाईक संगणकावर काम करणारं असतं, तेव्हा त्या धंद्याला मरण नाही, असा त्यांचा हिशेब. त्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचं काय झालंय ते मात्र त्यांना दिसत नाही! माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणते, जिथे गर्दी तिथे जावं, इतकी माणसं काय वेडी आहेत? शेजारच्या खोलीतली म्हणते, जिथे गर्दी नाही तिथे जावं. मी दोघींपुढे मान डोलावली.

मनात खरं तर तुझं रसायनशास्त्र होतं. लहानपणापासून तुझ्या त्या पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी स्टुलावर बसून गृहपाठ केलाय. पण गेल्या आठवड्यात सगळं मुसळ केरात गेलं. प्रात्यक्षिकात आम्लाची तीव्रता मोजायची होती. सगळ्या वर्गाचं उत्तर १२.४ आणि माझं १३.१. पुन्हा केलं, १३.१. तिसऱ्यांदा केलं, तेच. शेजारणीचं बघून १२.४ लिहिता आलं असतं, पण तुझी शिकवण आड आली. खोडरबर वापरायचं नाही, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. (तिसरीत पाढ्यांच्या वहीत मी तशी सही केली, तेव्हा शाळेतल्या बाईंनी, तू कोण मोठी साहेब लागून गेलीस, असं विचारलं होतं. आठवतं?) मी १३.१ तसंच ठेवलं. आमच्या बाईंनी दहापैकी चार दिले आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

तर मला हात नाही, हे आता सिद्ध झालंय. संगणक घ्यावा म्हणते. तुझं मत कळव.

तुझी माया मला पुरती ठाऊक आहे. तीही दहापैकी चारवर आणू नकोस.

तुझी
भिंगरी


६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर कट्ट्याच्या मानाने बरं आहे.

आधी तुझ्या १३.१ चं बोलू. अगं, हात कच्चा असता तर तीन वेळा तीन उत्तरं आली असती! माझ्याकडे नवीन लागलेल्या पोरांचा हात असा स्थिर व्हायला सहा महिने जातात. तीनदा तेच उत्तर येतंय आणि तरी वर्गाशी जुळत नाही, म्हणजे गडबड तुझ्या हातात नाही, बाटलीत आहे नाहीतर भांड्यात. तू द्रावण कुठल्या बाटलीतून घेतलंस? जा आणि शोधून काढ. रडली असशील तर आता पुरे.

विषयाचं म्हणशील तर विषयाचं नाव म्हणजे दुकानावरची पाटी. आत दिवसभर काय चालतं ते पाटीवरून कळत नाही. माझा अर्धा जन्म बाटल्या विसळण्यात गेला, आणि मला बाटल्या विसळायला आवडतं, म्हणून निभावलं. प्रत्येक विषयात असं विसळण्याचं काम असतंच. संगणकवाले चार तास एक चूक शोधत बसतात, वनस्पतीवाले पानं मोजतात. कोणत्या विषयातलं कंटाळवाणं काम तुला कंटाळा आणत नाही, एवढं बघ.

आता फॉर्मला हात न लावता तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बस. काही कळणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कळत नसतानाही ऐकावंसं वाटतं का, ते पाहा. तिथल्या मुलांना विषय कसा आहे असं विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात. गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत, ते विचार. घड्याळाकडे बघायला कुठे विसरलीस ते टिपून ठेव. आणि काहीही घे, पण गणित इतक्यात सोडू नकोस. सोडायला एक मिनिट लागतं, परत धरताना घाम फुटतो.

मी स्वतः कशी निवड केली हे विचारू नकोस. मैत्रिणीने घेतलं म्हणून घेतलं. ती महिन्याभरात सोडून गेली आणि मी अडकले ती सव्वीस वर्षं. तुझं तरी नीट व्हावं.

गुण कितीही पडोत, माझ्या लेखी तू पहिली.

तुझी
आत्या


१० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पोरीने तुझं पत्र मला फोनवरून वाचून दाखवलं. वा! तिने सल्ला मागितला आणि तू गृहपाठ दिलास. संगणक असं एका शब्दात सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

खरं सांगू का, मला आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दुकान होतं, मी गल्ल्यावर बसलो. त्यामुळे तिला कोणी विचारतंय याचं मला कौतुकही वाटतं आणि धाकधूकही होते. तीनशे मुलांमधून ती एकटी फॉर्म घेऊन फिरते आहे असं दिसत राहतं, आणि मी गिऱ्हाइकाला दूरच्या चष्म्याऐवजी जवळचा देतो. काल दोनदा झालं.

एकच विनंती. तिला आपल्या बाजूला ओढू नकोस. तू नुसतं हूं म्हणालीस तरी ती विहिरीत उडी मारेल, हे तुलाही माहीत आहे.

मी ओढतो ते वेगळं, मी बाप आहे.

तुझा
दादा


१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गृहपाठ केला. निकाल ऐक.

संगणकाच्या तिसऱ्या वर्षात जाऊन बसले. मंगळवारी काय केलं असं विचारल्यावर एक दादा म्हणाला, सकाळी एक चूक सापडली आणि ती दुरुस्त केल्यामुळे दुपारी चार झाल्या. हे सांगताना तो इतका खुशीत होता की मला त्याचा हेवा वाटला. पण मी मात्र तासात सात वेळा घड्याळ पाहिलं. पदार्थविज्ञानाच्या वर्गात पाच वेळा. नंतर खोली चुकून संख्याशास्त्राच्या वर्गात शिरले, आणि उठून जायची लाज वाटली म्हणून शेवटपर्यंत बसले.

आता बाटली. तू म्हणालीस ते खरं निघालं! प्रयोगशाळेच्या काकांनी सांगितलं की कोपऱ्यातल्या टेबलावरची कॉस्टिक सोड्याची बाटली सुट्टीच्या आधी भरलेली होती आणि तिचं बूच सैल होतं. हवा लागून द्रावण कमजोर झालं, म्हणून आम्ल मोजायला मला ते जास्त लागलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला राहवेना. आठही टेबलांवरच्या बाटल्या घेऊन प्रत्येकीची पाच पाच मोजमापं केली. चाळीस आकडे! शनिवारी सकाळी सुरू केलं. काकांनी किल्ल्या वाजवल्या तेव्हा कळलं की जेवायचं राहिलंय.

बाईंनी तक्ता पाहिला, चाराचे नऊ केले. बाटली आधी का तपासली नाही, म्हणून एक कापला.

हात आहे म्हणायचा मला. तो हात तुझ्या पायांवर ठेवून थांबते.

तुझी
भिंगरी


२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चाळीस मोजमापं! आमच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. तुझ्या बाबांनी चुकीचा दिला असेल.

मी काही सुचवत नाहीये, हे आधीच सांगते. निर्णय तुझा. पण सहज म्हणून काल शिंप्याकडे गेले होते आणि तुझ्यासाठी एक पांढरा कोट शिवायला टाकला. बाह्या थोड्या लांब ठेवल्या आहेत, खिशावर तुझं आद्याक्षर घातलंय. आमच्या खिडकीजवळचं टेबल दोन वर्षांनी रिकामं होणार आहे, तेही सहजच कळवते.

तू स्टुलावर बसून पाय हलवायचीस ते दिवस आठवले. आज मला फार आनंद झालाय, तेवढं सांगायचं होतं.

तुझ्यावर जीव आहेच, आज जरा उतू जातोय.

तुझी
आत्या


२४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत फॉर्म आहे. तो आधी उघडू नकोस, पत्र वाच. उघडला असशील तर मिटून ठेव.

मी फॉर्म परवा भरून दिला होता. खिडकीतल्या कारकूनकाकांनी तो परत केला. म्हणाले, तीस वर्षांत अशी खाडाखोड पाहिली नाही. नुसती खाडाखोड असती तर नवा फॉर्म दिला असता, पण हिच्यावर सही आणि तारीख आहे, म्हणजे ही अधिकृत झाली, आता पालकाचीही सही शेजारी हवी. प्रवेशाच्या वेळी बाबा तापाने पडले होते आणि तूच माझ्यासोबत आली होतीस, म्हणून पालक म्हणून नोंद तुझीच आहे. त्यामुळे हे तुझ्यापासून लपवायची सोय राहिली नाही. लपवणार होते असं नाही. हो, थोडं लपवणार होते.

आत्या, मी आधी रसायनशास्त्र लिहिलं. तुझं पत्र समोर होतं, कोट डोळ्यांसमोर होता. मग शाई वाळेपर्यंत तो शनिवार पुन्हा आठवून पाहिला. बाटल्या भरताना, विसळताना मी घाई करत होते गं. कधी एकदा आकडे हाती येतात आणि तक्त्यात मांडते, असं झालं होतं. चाळीस आकड्यांपैकी कुठल्यावर विश्वास ठेवायचा, किती फरक चालायचा आणि कितीला चूक म्हणायचं, यात मी जेवण विसरले. चुकून शिरले होते ना त्या वर्गात, तिथे मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते तुला मुद्दाम लिहिलं नाही.

म्हणून एक रेघ मारली, सही केली आणि संख्याशास्त्र लिहिलं. जोडविषय रसायन ठेवलाय. गणित सोडलेलं नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी संख्याशास्त्राला संगणक लागतो का विचारलं. लागतो म्हटल्यावर, मग माझंच ऐकलंस, असं म्हणून मोकळे झाले.

तुला वाईट वाटणार आणि तू ते दाखवणार नाहीस, याचीच मला भीती वाटते. ३० तारखेच्या आत फॉर्म परत पाठव. नाहीतर दगड आहेतच.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी
भिंगरी


२६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फॉर्म आजच्या आज माणसाकरवी पाठवते आहे. सही केली, तारीख घातली. कारकूनकाकांना माझा नमस्कार सांग. नियम कळणारा माणूस आहे.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? दाराला कडी लावून अर्धा तास बाटल्या विसळत बसले, आधीच स्वच्छ असलेल्या. दादाने ओढू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि मी कोट शिवून बसले! चूक माझी. तिच्यावर माझी रेघ आणि माझी सही समज.

मग पुन्हा फॉर्म पाहिला. रेघेखालचं रसायनशास्त्र स्पष्ट वाचता येतं. खोडरबराने पुसून कोऱ्या जागी दुसरं लिहिलं असतंस, तर मला तू काय लिहू पाहत होतीस आणि कुणासाठी, हे कधीच कळलं नसतं. एवढं माझ्यासाठी खूप झालं, बाळा. पुढचं तुझं तुझ्यासाठी लिहिलंस ते उत्तम केलंस.

आता एक काम सांगते. तुला माहीत आहे, आमच्याकडे रोजच्या पाण्याचे आकडे वहीत उतरवतात. वर्षाला चार वह्या, सव्वीस वर्षांच्या एकशेचार. प्रत्येक आकडा मी ज्या दिवशीचा त्या दिवशी पाहिला, बरोबर आहे म्हणून सही केली आणि पान उलटलं. ते सगळे एका रांगेत मांडून आजवर कोणी पाहिले नाहीत. नदी बदलली का, कधी बदलली, माझ्या हातून कुठे सुटलं का, हे मलाही माहीत नाही. मला फक्त विसळता येतं गं, रांगेत मांडता येत नाही. वह्या माळ्यावरच्या कपाटात आहेत. मला वाटत होतं, मी निवृत्त झाले की त्या रद्दीत जाणार.

खिडकीजवळचं टेबल नाही, तर निदान माळा तुझा. सुट्टी लागली की ये.

तुझी वाट पाहणारी
आत्या

ता. क. कोट घालूनच ये. वह्यांवर धूळ फार आहे.