बाबांच्या तीन उशा

बर्गन, गुरुवार

प्रिय आई,

मी बरी आहे. तू विणलेले मोजे ऑपरेशन थिएटरातही घालते. तुझा गुडघा कसा आहे?

लठ्ठ माणसांना भूल दिल्यावर श्वासाची नळी घालायला कॅमेऱ्याचं यंत्र बरं की जीभ उचलून धरणारं जुनं साधं पातं, हे आम्ही पडताळतोय. कुणाला काय, ते बंद पाकीट ठरवतं.

आज स्वेर्रे नावाचा बोटीवरचा स्वयंपाकी होता, अगदी बाबांएवढा लठ्ठ. "माझी मान सापडली तर मलाही दाखवा," म्हणाला. पाकिटातून जुनं पातं निघालं आणि मी कॅमेराही हाताशी आणवून ठेवला. पण नर्सने त्याच्या खांद्यांखाली, डोक्याखाली उशा रचल्या होत्या, त्यामुळे घशातली वाट सरळ दिसली. नळी पहिल्याच खेपेला गेली.

बाबांच्या वेळी ती गेलीच नाही. कॅमेरा असता तर ते वाचले असते, असं मी तुला दहा वर्षं सांगत आले. आज त्यांच्या ऑपरेशनचे कागद पुन्हा वाचले. त्यांना उशांशिवाय सपाट निजवलं होतं.

"आडवे झाले की गुदमरतात गं," म्हणत तू त्यांच्या तीन उशा दवाखान्याच्या पिशवीत भरल्या होत्यास. "तिथे असतात उशा," म्हणून मीच त्या काढून ठेवल्या.

हे समोर बसून सांगायचा धीर होईना, म्हणून लिहिलं. इस्टरला मी येऊ ना?

तुझी,
राग्नहिल्ड